टाइमप्लीज म्हणू देणारा खेळ : ‘लिचेस’विषयी एका बावन्न वर्षांच्या खेळाडूचा अभिप्राय

गेल्या सहा महिन्यांत मी फोनवर अकरा खेळ उतरवले आणि त्यांपैकी नऊ आठवड्याच्या आत काढूनही टाकले. उरलेल्या दोहोंपैकी लुडो हा घरातल्या सगळ्यांचा आहे. माझा म्हणावा असा एकच, बुद्धिबळाचा ‘लिचेस’. हा अभिप्राय मुख्यतः त्याच्याविषयी आहे, परंतु तोच का टिकला हे सांगायचे तर बाकीचे का गेले हेही सांगावे लागेल.

माझा खेळण्याचा वेळ तुकड्यातुकड्यांचा आहे. सकाळी वनाजहून रामवाडीकडे जाणाऱ्या मेट्रोत बसायला जागा मिळाली तर नळ स्टॉपपासून येरवड्यापर्यंतचा, दुपारी डबा खाऊन झाल्यावरचा आणि रात्री कुकर गॅसवर असतानाचा. यांतला कोणताही तुकडा पुरता माझा नसतो. सासूबाईंच्या डोळ्यांत थेंब घालायचे असतात, सोसायटीच्या वॉचमनचा इंटरकॉम वाजतो, कार्यालयातल्या कोणाला तरी फाइल सापडत नसते. लहानपणी डबा ऐसपैस खेळताना आईची हाक आली की ‘टाइमप्लीज’ म्हणून डावाबाहेर होता येत असे आणि परत आल्यावर आपल्यावर राज्य आलेले नसे. माझ्या वयाच्या माणसाने मोबाइलवरचा खेळ निवडताना ही एकच कसोटी लावावी असे माझे मत झाले आहे. चित्रे किती देखणी आहेत किंवा खेळ किती अवघड आहे, हे प्रश्न त्यानंतरचे.

दुसरी अडचण डोळ्यांची. चाळिशी उलटली की डोळ्यातील भिंगाची लवचिकता कमी होते आणि जवळचे बारीक अक्षर धूसर दिसू लागते. वाचायच्या चष्म्यालाच आपण ‘चाळिशी’ म्हणतो, यात सारे आले. असे असताना काही खेळांत सूचना करड्या पार्श्वभूमीवर फिकट पांढऱ्या अक्षरांत देतात आणि त्या वाचून होण्याआधीच पुसल्याही जातात. फोनच्या सेटिंगमध्ये अक्षर मोठे केले तरी बहुतेक खेळांतील अक्षर तेवढेच राहते, कारण ते अक्षर नसून चित्राचा भाग असते. खेळ उतरवण्यापूर्वी तिथली नमुन्याची चित्रे चष्मा काढून पाहावीत. काही वाचता आले नाही तर तो खेळ आपला नव्हे.

जाहिरातींविषयी थोडे सविस्तर लिहिते, कारण माझ्या नऊपैकी सहा खेळ त्यांच्यामुळे गेले. पत्त्यांच्या एका खेळात, ज्याचे नाव मी घेत नाही, प्रत्येक डावानंतर अर्ध्या मिनिटाची जाहिरात येई. ती बंद करण्याची फुली ज्वारीच्या दाण्याएवढी, त्यातही दोन फुल्या, आणि त्यांपैकी खोट्या फुलीवर बोट पडले की थेट दुसराच खेळ उतरवण्याच्या पानावर जाऊन पोहोचायचे. याला आमच्या गल्लीत रडीचा डाव म्हणत. माझ्या जाऊबाईंनी अशाच एका खेळात ‘तीन दिवस मोफत’ हे वाचून बटण दाबले आणि चौथ्या दिवसापासून दर आठवड्याला त्यांच्या खात्यातून पैसे जाऊ लागले. त्यांनी लगेच खेळ काढून टाकला, तरी पैसे जातच राहिले. फोनवरून खेळ काढल्याने वर्गणी रद्द होत नाही, ही गोष्ट आपल्या वयाच्या पुष्कळांना ठाऊक नसते. अँड्रॉइड फोनवर प्ले स्टोअरमध्ये आपल्या छायाचित्रावर बोट ठेवून पेमेंट आणि सबस्क्रिप्शनच्या पानावर जावे लागते आणि तिथूनच ती बंद करावी लागते.

सारख्या गोळ्या जुळवण्याचा ‘कँडी क्रश सागा’ मोबाइलवर आला २०१२ मध्ये, आणि आमच्या कार्यालयातल्या तीन बायका अजून त्याच्या पायऱ्या चढत आहेत. त्यात आयुष्ये पाच असतात, गमावलेले एक आयुष्य भरून यायला अर्धा तास लागतो, आणि ज्याला वाट पाहायची नसेल त्याच्यासाठी पैसे मोजण्याची सोय आहे. त्याची एक बाजू मात्र मला मनापासून आवडली : गोळ्या केवळ रंगाने नव्हे तर आकारानेही वेगळ्या आहेत. हिरवी चौकोनी, पिवळी थेंबासारखी, जांभळी घोसासारखी. रंग नीट न ओळखणाऱ्या माणसालाही त्या कळतात. ‘लुडो किंग’ हा भारतीय कंपनीने २०१६ मध्ये आणलेला खेळ. एकच फोन हातोहात फिरवून तो नेटशिवाय खेळता येतो, एवढ्यासाठीच तो आमच्या घरी आहे. सासूबाई फासा टाकण्यापूर्वी फोनला नमस्कार करतात.

आता लिचेस. हा खेळ फुकट आहे. कंपन्यांच्या ‘फुकट’ या शब्दावरचा माझा विश्वास उडाला होता, म्हणून मी महिनाभर जाहिरातीची वाट पाहिली. ती आली नाही. फ्रान्समधील एक ना-नफा संस्था तो चालवते, खर्च देणग्यांवर भागतो आणि त्याचा मूळ प्रोग्राम (सोर्स कोड) कोणालाही पाहता येईल असा खुला ठेवलेला आहे. कोडी, डावाचे संगणकाकडून होणारे विश्लेषण, संगणकाविरुद्धच्या आठ पातळ्या यांपैकी कशालाही पैसे पडत नाहीत.

परंतु तो माझ्या कसोटीला उतरला तो एका निराळ्याच सोयीमुळे. यात एकेका चालीला एक दिवसापासून चौदा दिवसांपर्यंत मुदत देता येते. पूर्वी पोस्टकार्डावरून बुद्धिबळ खेळत, तोच हा प्रकार. सांगलीला असलेल्या माझ्या धाकट्या भावाशी माझा तीन दिवसांच्या मुदतीचा डाव कायम चालू असतो. मी डेक्कनला घोडा हलवते, तो संध्याकाळी दुकान बंद केल्यावर उत्तर देतो, आणि मध्ये कधी तरी “ताई, वजीर बघ” एवढाच निरोप येतो. मला हाक आली तर मी फोन पालथा ठेवते. परतल्यावर पट जसाच्या तसा असतो. घड्याळ लावून समोरासमोर खेळण्याचे डाव वेगळे, तेथे टाइमप्लीज नाही. एकदा दहा मिनिटांच्या डावात कुकरची तिसरी शिट्टी झाली, मी उठले आणि वेळ संपून हरले. दोष माझाच होता, तो माझा डावच नव्हता. पहिल्या पानावर ‘५+३’ अशा चौकटी दिसतात, त्यांचा अर्थ पाच मिनिटे आणि दर चालीला तीन सेकंद अधिक. आपल्याला हाका मारणारी माणसे घरात असतील तर या चौकटींच्या वाटेला जाऊ नये.

दोन सेटिंग पहिल्याच दिवशी बदलून घ्यावीत. एक, चाल पक्की करण्यापूर्वी विचारणारे, कारण आपली बोटे जाड आणि पडद्यावरची घरे लहान असतात, त्यामुळे उंट शेजारच्या घरात जाऊन बसतो. दुसरे, ‘झेन मोड’. येथे प्रत्येकाला सुरुवातीस १५०० गुण मिळतात, त्यापुढे प्रश्नचिन्ह असते, आणि मग डावागणिक ते वर-खाली होतात. माझे पहिल्या पंधरवड्यात इतके खाली गेले की मला रात्री झोप लागेना. झेन मोड लावला की खेळताना गुण दिसत नाहीत, फक्त पट उरतो. डाव संपल्यावर विश्लेषणात आपल्या घोडचुका मोजून दाखवल्या जातात. माझ्या बहुधा खरोखरच घोड्याच्या असतात.

एप्रिल २०२५ मध्ये पुण्यात महिलांची ग्रां प्री स्पर्धा झाली, कोनेरू हम्पी ती जिंकल्या, आणि जुलैमध्ये नागपूरच्या दिव्या देशमुखने त्यांनाच हरवून विश्वचषक मिळवला. तेव्हापासून आमच्या कार्यालयात दुपारी बुद्धिबळाविषयी बोलणे निघते. कँडी क्रश खेळणाऱ्या त्या तिघींपैकी एक आता लिचेसवर माझ्याशी दोन दिवसांच्या मुदतीने खेळते. बुद्धिबळ मुळातच न येणाऱ्याने मात्र आधी कोणाकडून तरी सोंगट्यांच्या चाली शिकून घ्याव्यात. वयाच्या पन्नाशीत एकट्याने पडद्याकडे पाहून शिकण्यापेक्षा शेजारी बसून “अहो, प्यादे तिरके मारते” असे सांगणारा बरा पडतो.

मी गेल्या महिन्यात थोडी देणगी दिली. तिच्या मोबदल्यात जास्तीची कोणतीही सोय मिळत नाही, नावाजवळ पंखांचे एक छोटेसे चिन्ह तेवढे येते. भावाने ते दुसऱ्या दिवशी पाहिले आणि पंख फुटले का म्हणून विचारले. उत्तर द्यायला माझ्याकडे अजून दोन दिवस आहेत.