मोटर नसलेल्या डॉबवर रंगीत ग्रह-कॅमेरा: नऊ महिन्यांचा अनुभव

आधी माझं सामान सांगते, कारण कॅमेऱ्याबद्दलचं कुठलंही मत शेवटी दुर्बिणीपाशीच येऊन थांबतं. आठ इंची डॉब, म्हणजे डॉब्सोनियन आरशाची दुर्बीण, एफ/6 ची: फोकल लेंग्थ आरशाच्या व्यासाच्या सहापट, म्हणजे 1200 मिमी. मोटर नाही, हाताने ढकलायची. जागा पुण्यातली सोसायटीची गच्ची. कॅमेरा आयएमएक्स462 सेन्सरचा, रंगीत, गेल्या सप्टेंबरात घेतला. कंपनीचं नाव मुद्दाम लिहीत नाही. हाच सेन्सर एकाहून जास्त कंपन्या आपापल्या डबीत घालून विकतात, आणि मला जे सांगायचंय ते सेन्सरबद्दल आहे.

घेण्याआधी माझ्याही डोक्यात मेगापिक्सेलच होते. खिशातल्या मोबाईलला पन्नास, आणि एवढे पैसे मोजून हा दोन मेगापिक्सेलचा! मग एकदा कागद-पेन्सिल घेऊन बसले. फोकल लेंग्थ दुप्पट करणारं भिंग, म्हणजे दोनपट बार्लो, लावला की 2400 मिमी. पिक्सेल 2.9 मायक्रॉनचा, म्हणजे एका पिक्सेलवर साधारण पाव आर्कसेकंद आकाश (एका अंशाचे 60 आर्कमिनिट, एका आर्कमिनिटाचे 60 आर्कसेकंद). 10 जानेवारी 2026 च्या प्रतियुतीला, म्हणजे पृथ्वी सूर्य आणि गुरूच्या मधे आली तेव्हा, गुरू साडेशेहेचाळीस आर्कसेकंदांच्या आसपास. भागाकार केला, तर अख्खा गुरू सेन्सरवर 190 पिक्सेलसुद्धा भरत नाही. आठ मेगापिक्सेलचा घेतला असता तर उरलेले सगळे पिक्सेल काळोखाचे फोटो काढत बसले असते.

ग्रहांना लागतो तो वेग. हवा सतत थरथरत असते, त्यात एखाद्या क्षणी ती स्थिर होते आणि गुरूचे पट्टे लख्ख दिसतात. असे क्षण वेचायचे तर सेकंदाला शंभर-दीडशे फ्रेम हव्यात. एक्स्पोजर इतकं छोटं की प्रत्येक फ्रेममध्ये प्रकाश चिमूटभरच, म्हणून फ्रेम वाचताना सेन्सर स्वतःच जी खरखर घालतो, तो रीड नॉइज, कमी हवा. आयएमएक्स462 चा गेन, म्हणजे सिग्नल मोठा करण्याचं प्रमाण, वाढवला की तो एका इलेक्ट्रॉनच्याही खाली जातो. कूलिंगचे पैसे ग्रहांसाठी घालू नका, सात मिलिसेकंदांच्या एक्स्पोजरमध्ये काय तापणार आहे? मोनो, म्हणजे कृष्णधवल, कॅमेरा जास्त बारकावे देतो हे खरंच. पण लाल, हिरवा, निळा असे तीन फिल्टर बदलत, दर वेळी हाताने गुरू शोधायचा, आणि तोवर तो स्वतःभोवती फिरतोच आहे. मोटर नसणाऱ्याने त्या वाटेला जाऊ नये.

आता खरी गोष्ट. 2400 मिमीवर या सेन्सरची रुंदी भरते आठ आर्कमिनिटं. पृथ्वी फिरते त्यामुळे गुरू या टोकापासून त्या टोकापर्यंत पस्तीस सेकंदांत जातो. पहिला महिना मी लोकांच्या सल्ल्याने सेन्सरचा फक्त 640 गुणिले 480 पिक्सेलचा मधला भाग वापरणारी छोटी चौकट लावत होते. मोटर असणाऱ्यांसाठी तो सल्ला उत्तम आहे. माझ्याकडे गुरू यायचा, मी फोकसला हात लावायचे, दुर्बीण हलायची, ती थांबेपर्यंत गुरू गायब.

मग एका रात्री कॅमेरा आयपीसच्या नळीत हळूहळू फिरवला, गुरू पडद्यावर अगदी आडवा सरकायला लागेपर्यंत. चौकट पूर्ण रुंदीची ठेवली, उंची मात्र चारशेच पिक्सेल. एक लांब पट्टी. गुरू पट्टीच्या एका टोकाला आणून ठेवायचा, हात काढायचा, दोन सेकंद थांबायचं आणि रेकॉर्ड. पुढचा अर्धा मिनिट दुर्बिणीला कुणी शिवायचं नाही. लेक लॅपटॉपवर बसायची, मी नळीपाशी. "आई, आला. आला. अजून डावीकडे. सोड!" आणि मग दोघी श्वास धरून. एका फेरीत चार हजारांवर फ्रेम मिळतात. नंतर पिप या प्रोग्राममध्ये व्हिडिओ टाकला की तो प्रत्येक फ्रेममधला गुरू मधोमध आणून कापून देतो, तिथून पुढे चांगल्या फ्रेम निवडून त्यांची बेरीज करणारं ऑटोस्टॅकर्ट.

या सरकण्याचा एक फायदा मला उशिरा कळला. गुरू दर फ्रेमला वेगळ्या पिक्सेलवर पडतो, त्यामुळे सेन्सरच्या काचेवरची धूळ आणि रंगीत सेन्सरची जाळी दोन्ही बेरजेत विरून जातात. आणि सरकताना फोटो पुसट होतो का? सात मिलिसेकंदांत गुरू एक दशांश आर्कसेकंद सरकतो, म्हणजे अर्धा पिक्सेलही नाही. सलग तीन-चार फेऱ्या तेवढ्या एकत्र करायच्या. गुरूचा मधला भाग मिनिटाला पाव आर्कसेकंद फिरतो, म्हणजे माझा एक पिक्सेल. जास्त ताणलं तर लाल ठिपका लांबट होतो. त्यापुढे जायचं तर ग्रहाचं फिरणं दुरुस्त करणारं विनज्युपॉस शिकायला हवं, माझं अजून अर्धवटच आहे.

फोकसची युक्ती फुकट घ्या: फोकसरच्या चाकाला कपडे वाळत घालायचा लाकडी चिमटा लावा. चाक बोटांनी धरण्याऐवजी चिमट्याच्या टोकाला नखाने ढकललं की थरथर निम्म्याहून कमी.

इन्फ्रारेड अडवणारा आयआर-कट फिल्टर कॅमेऱ्याबरोबरच घ्या. मी "बघू नंतर" म्हणाले आणि पहिले दोन आठवडे गुरू गाजर हलव्याच्या रंगाचा आला. या सेन्सरला इन्फ्रारेड फार चांगलं दिसतं, तीच त्याची ख्याती, पण नुसत्या काचेमागे ते रंगाची वाट लावतं. उलट फक्त इन्फ्रारेड आत सोडणारा 850 नॅनोमीटरचा आयआर-पास फिल्टर लावला की तिन्ही रंगांचे पिक्सेल जवळजवळ सारखेच वागतात, रंगीत कॅमेरा चक्क मोनोसारखा काम करतो. चंद्रासाठी हे सुरेख आहे. संध्याकाळी आकाश निळं असतानाही पार्श्वभूमी काळी येते, आणि लांब तरंगलांबीला हवेची थरथर कमी जाणवते. बारकावे थोडे कमी होतात, ते धरून चाला. मिथेनचा 889 नॅनोमीटरचा फिल्टर मात्र मी घेतला नाही. त्याला शंभर मिलिसेकंदांच्या घरात एक्स्पोजर लागतं, तेवढ्यात माझा गुरू पाच-सहा पिक्सेल सरकलेला असतो.

शनीने निराश केलं, त्यात कॅमेऱ्याचा दोष नाही. सप्टेंबरात पुण्यात ढग, आणि नोव्हेंबरात आकाश मोकळं झालं तेव्हा कडी जवळजवळ कडेवर आलेली, गोळ्यातून सुई आरपार घातल्यासारखी. एक्स्पोजर गुरूच्या दुप्पट-अडीचपट ठेवावं लागलं.

कटकटी. लॅपटॉपवर यूएसबी 3 चं पोर्ट आणि एसएसडी नसेल तर आधी तिकडे पैसे घाला. जुन्या पोर्टवर पट्टीचा वेग सेकंदाला पन्नास फ्रेमांवर येतो. मी सोयीसाठी बाजारातून पाच मीटरची केबल आणली होती, तिच्यामुळे दर दहा मिनिटांनी लॅपटॉपला कॅमेरा सापडेनासा व्हायचा. दीड मीटरची लावल्यापासून तक्रार नाही, फक्त लॅपटॉपचं स्टूल दुर्बिणीला चिकटून ठेवावं लागतं आणि अंधारात ठेचा लागतात. एका फेरीचा डेटा तीन जीबीच्या वर जातो. एका चांगल्या रात्रीनंतर डिस्क भरल्याचा इशारा आला तेव्हा घरच्यांचे लग्नाचे व्हिडिओ हलवण्यावरून जे झालं ते इथे लिहीत नाही.

दुसरी कटकट गुरूचीच. या हंगामात तो मिथुनेत होता, पुण्यातून मध्यरात्री जवळजवळ डोक्यावर. हवेचा थर सगळ्यात पातळ, रंग फाकत नाहीत, फाकलेले रंग जुळवणाऱ्या डिस्पर्शन करेक्टरची गरज नाही. पण डॉब सरळ वर बघायला लागला की आडवा फिरवून काही उपयोग होत नाही, गुरू हाताला लागतच नाही. मी तो डोक्यावर यायच्या तासभर आधी किंवा नंतर काम उरकायचे. नंतरचं जास्त बरं. दिवसभर तापलेला स्लॅब पहाटेकडे निवलेला असतो आणि खालून येणारी वाफ थांबते.

परत घ्यायचा झाला तर? माझ्याच दुर्बिणीसाठी मी आयएमएक्स585 चा विचार करेन. पिक्सेल तेवढाच, 2.9 मायक्रॉन, पण रुंदी दुप्पट, म्हणजे पस्तीसच्या जागी सत्तर सेकंद. मोटर असणाऱ्याला ती रुंदी ग्रहांसाठी निरुपयोगी. एफ/10 ची श्मिट-कॅसेग्रेन (आरसा आणि भिंग दोन्ही असलेली आखूड नळीची दुर्बीण) असेल तर आयएमएक्स678 बघा. त्याचा पिक्सेल 2 मायक्रॉनचा, आणि पिक्सेलच्या पाचपट एफ-रेशो हा ढोबळ नियम धरला तर बार्लोशिवायच जमतं. जुना आयएमएक्स224 कुणी स्वस्तात देत असेल तर अजूनही घ्यावा. माझ्या सेन्सरवर तेजोमेघांची स्वप्नं मात्र पाहू नका. मृगाचा तेजोमेघ मी दहा-दहा सेकंदांनी टिपून पाहिला, तर कडेला अँप ग्लोचा, म्हणजे सेन्सरच्या स्वतःच्या सर्किटचा, फिकट उजेड आला.

सध्या कॅमेरा हवाबंद स्टीलच्या डब्यात सिलिका जेलच्या चार पुड्यांबरोबर आहे. डब्यावर लेकीने पट्टी चिकटवलीय: "साखर नाही."