वॉक, स्कॅनिंग, मुलाखती की बातमीपत्र? वस्तीच्या इतिहासाचं काम कुठून सुरू करावं

पाच-सहा जणांचा गट जमलाय, शनिवार-रविवारचा वेळ आहे, आणि आपल्या भागातली जुनी घरं, जुनी माणसं, जुने कागद एकेक करून नाहीसे होताहेत. अशा गटात पहिला प्रस्ताव हमखास येतो तो हेरिटेज वॉकचा. तो वाईट नाही, पण दरवेळी तोच पहिला असावा असंही नाही. जुन्या फोटोंचा स्कॅनिंग दिवस, ज्येष्ठांच्या मुलाखतींचं ध्वनिमुद्रण आणि जुन्या वास्तूंच्या जतनाच्या बातम्यांचं मासिक पत्रक हे आणखी तीन पर्याय आहेत. निवड करताना दोन प्रश्न पुरतात. आपल्याकडचं सगळ्यात आधी काय हातचं जाणार आहे? आणि कार्यक्रम उरकल्यावर जे मागे उरेल, ते सांभाळणार कोण?

वॉक: लवकर उभा राहतो, मागे काही ठेवत नाही

टोरांटोमध्ये २००७ साली शहरांविषयी लिहिणाऱ्या लेखिका जेन जेकब्ज यांच्या स्मरणार्थ 'जेन्स वॉक' सुरू झाले. रहिवाशांनीच चालवायचे, शुल्क घ्यायचं नाही, ही पद्धत पुढे अनेक देशांत पसरली, कारण भांडवल जवळपास लागतच नाही. वाट ठरवली, दोन माणसं तयार केली, की महिन्याभरात वॉक होतो.

हिशेब मात्र आधी मांडावा. गटाची चाल ताशी अडीच किलोमीटरच्या वर जात नाही, म्हणजे दोन किलोमीटरला पाऊण तास नुसता चालण्यात जातो. आठ थांबे, प्रत्येकी सात मिनिटं, हा आणखी तास. दोन तासांत याहून जास्त बसत नाही, आणि दोन तासांनंतर लोक ऐकत नाहीत. एका सांगणाऱ्यामागे वीस माणसं ठीक. पंचविसांच्या वर गेलात तर गळ्यात अडकवायचा छोटा स्पीकर लागतो, आणि स्पीकर आला की गल्लीतले लोक वैतागतात. पुढे सांगणारा असतो तसा शेवटी एक स्वयंसेवक हवाच. तो नसेल तर तिसऱ्या थांब्यापर्यंत गटाचे दोन तुकडे झालेले असतात.

वाटेची पाहणी ज्या वारी, ज्या वेळी वॉक आहे, त्याच वारी आणि त्याच वेळी करा. रविवारी सकाळी शांत वाटलेला चौक शनिवारी संध्याकाळी ऐकू येण्याच्या पलीकडे गेलेला असतो. थांबा ठरवताना इमारत सुंदर आहे का हे नंतर बघा. वीस माणसं रस्त्यावर न उतरता उभी राहू शकतात का, हे आधी. ऊन सांगणाऱ्याच्या डोळ्यांत यावं, ऐकणाऱ्यांच्या नव्हे. राहत्या घरासमोर थांबणार असाल तर घरच्यांना आदल्या आठवड्यात भेटून विचारा.

सगळ्यात जास्त बिघडतं ते सांगण्यात. दंतकथा आणि कागदावरचा पुरावा एकाच सुरात सांगितला जातो आणि पुढच्या वर्षी ती दंतकथा कुठल्या तरी लेखात इतिहास म्हणून छापून येते. यावर सोपा उपाय आहे: आपल्या टिपणात प्रत्येक वाक्यासमोर 'कागद', 'ऐकीव' किंवा 'अंदाज' यांपैकी एक शब्द लिहा आणि बोलतानाही तो उच्चारा. लोकांना ऐकीव गोष्टही आवडते, ऐकीव म्हणून सांगितली तरी.

वॉकची खरी मर्यादा अशी, की तो संपला की संपला. ओळख वाढते, गटाला माणसं मिळतात, पण एकही जुना कागद त्यातून जपला जात नाही.

स्कॅनिंग दिवस: कंटाळवाणा, पण सगळ्यात किफायतशीर

लोकांनी घरातले जुने फोटो आणायचे, तुम्ही तिथल्या तिथे स्कॅन करून मूळ प्रत हातात परत द्यायची. 'आज ठेवून जा, उद्या देतो' हे कधीही म्हणू नका. एक फोटो गहाळ झाला तर सगळ्या वस्तीचा विश्वास जातो.

फ्लॅटबेड, म्हणजे काचेवर फोटो सपाट ठेवायचा स्कॅनरच घ्या. कागद आत ओढून घेणारी यंत्रं कार्यालयातल्या कागदांसाठी ठीक, जुना फोटो त्यात घालायचा नाही. छापील फोटोला ६०० डीपीआय (इंचाला टिपले जाणारे ठिपके), साध्या कागदपत्राला ३०० पुरतात, ३५ मिमी निगेटिव्हला २४०० ते ४००० लागतात आणि त्यासाठी वरच्या झाकणात दिवा असलेला स्कॅनर हवा. धूळ काढणं, रंग सुधारणं, धार वाढवणं असे आपोआप होणारे सगळे पर्याय बंद करा. सुधारणा नंतर प्रतीवर करता येते, पण यंत्राने डाग समजून पुसलेला तपशील परत येत नाही. मूळ फाइल टिफमध्ये (सगळा तपशील राखणारा प्रकार), वाटायची प्रत जेपेगमध्ये (लहान आकाराचा प्रकार). चार बाय सहा इंचांचा रंगीत फोटो ६०० डीपीआयला साधारण २६ एमबीची टिफ फाइल देतो; असे साठ फोटो म्हणजे दीड जीबीच्या आसपास. जागेची चिंता करण्यासारखं काही नाही.

अडतं ते स्कॅनरपाशी नाही, फॉर्मपाशी. स्कॅनला मिनिटभर लागतं, पण फोटोत कोण आहे हे विचारून लिहायला चार मिनिटं. म्हणून एका स्कॅनरला तासाला बारा फोटो धरा, पाच तासांत साठ. कुटुंबामागे पाच फोटोंची मर्यादा घातली तर एका यंत्रावर बारा कुटुंबं होतात. मर्यादा आधीच जाहीर केली नाही, तर पहिलाच माणूस तीन अल्बम घेऊन येतो आणि रांग घरी जाते. एका स्कॅनरमागे फॉर्मच्या टेबलावर दोन जण बसवा.

फॉर्मवर नावं डावीकडून उजवीकडे, मागच्या रांगेपासून सुरू करून लिहा. ठिकाण, काढणारा आणि साल विचारा, सालासमोर 'कशावरून?' हा रकाना ठेवा. 'थोरल्याच्या मुंजीत काढला' हे उत्तर 'साधारण साठचं दशक' यापेक्षा कितीतरी कामाचं, कारण ते पुढे पडताळता येतं. फोटोची मागची बाजूही स्कॅन करा. स्टुडिओचा शिक्का, पेन्सिलीतली तारीख, दुसऱ्याच हस्ताक्षरातलं एखादं नाव, हे पुष्कळदा समोरच्या चेहऱ्यांपेक्षा जास्त बोलतं.

संमतीचे तीन वेगळे चौकोन हवेत: प्रदर्शनात लावायला, इंटरनेटवर टाकायला, छापायला. एकच 'परवानगी आहे' असा चौकोन ठेवला की पुढे भांडण ठरलेलं. शिवाय फोटो ज्याच्या घरात आहे त्याच्याकडे त्याचा कॉपीराइट असेलच असं नाही; स्टुडिओत काढलेल्या फोटोबाबत हा प्रश्न येतो, म्हणून काढणाऱ्याचं नाव विचारायचं.

काही गोष्टी त्या टेबलावर करायच्याच नाहीत. फ्रेमच्या काचेला चिकटलेला फोटो ओढून काढू नका, वरचा थर काचेवरच राहतो. दोन्ही बाजूंनी ४५ अंशांत दिवे लावून काचेसकट कॅमेऱ्याने टिपा. चिकट पानांच्या, वर प्लॅस्टिकचा पापुद्रा असलेल्या अल्बममधून फोटो सुटत नसेल तर पान तसंच्या तसं स्कॅन करा. निगेटिव्ह आली तर वास घ्या: आंबट, व्हिनेगरचा वास म्हणजे अॅसिटेट फिल्म कुजू लागली आहे, ती बाकीच्यांपासून वेगळी ठेवायला सांगा. १९५० च्या आधीची फिल्म नायट्रेटची असू शकते. ती पिवळी, चिकट होते आणि सहज पेट घेते. अशी शंका आली तर स्कॅनरवर न ठेवता मालकाला अभिलेखागाराकडे पाठवा.

फाइलचं नाव म्हणजे तारीख, कुटुंबाचा क्रमांक, फोटोचा क्रमांक; जसं २०२४०६१५-०७-०३. माणसांची नावं फाइलच्या नावात नकोत, ती एका तक्त्यात. प्रती तीन, दोन वेगळ्या प्रकारच्या साधनांवर, त्यातली एक दुसऱ्या इमारतीत. पेन ड्राइव्ह ही प्रत धरू नका. वर्षातून एकदा फाइली उघडून बघायचं काम कोणा एकाच्या नावावर लिहून ठेवा, नाहीतर ते कोणाचंच राहत नाही.

मुलाखती: थांबू न शकणारं काम

कोलंबिया विद्यापीठात अॅलन नेव्हिन्स यांनी १९४८ साली मौखिक इतिहासाचा प्रकल्प सुरू केला, तेव्हापासून यातली मुख्य अडचण तीच आहे: ध्वनिमुद्रण पटकन होतं, त्याचं लेखन होत नाही. सरावलेल्या माणसालाही तासाभराचं बोलणं शब्दशः उतरवायला चार ते सहा तास लागतात, नवख्याला त्याहून बरेच जास्त. दहा मुलाखतींचा उत्साह इथे मावळतो. त्यापेक्षा दर पाच मिनिटांना कशाविषयी बोलणं झालं त्याची एक ओळ, अशी सूची करा. तासाच्या मुलाखतीला दोन-अडीच तासांत सूची होते आणि शोधणाऱ्याला तेवढी बहुधा पुरते.

मोबाइलवर केलं तरी चालतं, पण कॉलरला लावायचा माईक घ्या आणि मोबाइल विमान-मोडवर टाका. ध्वनिमुद्रणाच्या सेटिंगमध्ये ४८ किलोहर्ट्झ, २४ बिट आणि वेव्ह फाइल (आवाज न दाबता साठवणारा प्रकार) निवडा. एका माईकला तासाला जेमतेम अर्धा जीबी होतो. पंखा आणि फ्रिज बंद ठेवा. कानाला ती घरघर जाणवत नाही, माईकला जाणवते, म्हणून हेडफोन लावून आधी ऐका. फ्रिज बंद केल्यावर आपल्या गाडीच्या किल्ल्या त्यात ठेवायच्या, म्हणजे निघताना तो पुन्हा चालू करायचं विसरत नाही. सुरुवातीला नाव, तारीख, जागा मोठ्याने बोला.

'तेव्हा किती छान होतं ना?' असं विचारलंत तर उत्तर 'हो' येणार आणि तिथेच संपणार. 'सकाळी पाणी कुठून यायचं?' असं विचारा. जुना नकाशा किंवा स्कॅन केलेला फोटो पुढे ठेवला की बोलणं आपोआप उलगडतं. नवरा-बायकोची मुलाखत एकत्र घेतली तर दोघांपैकी एक गप्प होतो. शक्य तर वेगवेगळी घ्या. तासा-सव्वा तासाला थांबा. संमतीपत्रावर सही बोलणं संपल्यावर घ्या, कारण काय बोललो हे तेव्हाच कळलेलं असतं. हयात शेजाऱ्याविषयी काही कडवट आलं असेल तर तेवढा भाग बंद ठेवायची सोय त्यात हवी.

बातमीपत्र: इमारत पडायची असेल तरच पहिलं

दोन पानं, महिन्यातून एकदा. त्यात कौतुकाचे लेख नकोत. कोणत्या जागेबद्दल कोणती नोटीस लागली, हरकत नोंदवायची शेवटची तारीख कोणती, अर्ज कोणाकडे द्यायचा, फाइलचा क्रमांक काय, एवढं असलं की पत्रक वाचलं जातं. अर्ज झाला आहे आणि परवानगी मिळाली आहे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. घाईत दोन्हींना 'पाडणार' म्हटलं की पुढच्या खऱ्या बातमीवर कोणी विश्वास ठेवत नाही. नोटीस स्वतः बघून, तिचा तारखेसकट फोटो काढल्याशिवाय काहीही छापू नका.

इमारत वाचणार नाही असं दिसू लागलं तर निदान नोंद करा: चारही बाजू समोरून, चारही कोपरे तिरपे, दार-खिडक्या-कठड्याचे तपशील, आणि प्रत्येक फोटोत मीटरभराची खुणा केलेली काठी. ती काठी नसेल तर मापं काढता येत नाहीत आणि फोटो आठवण म्हणूनच उरतो.

नामफलक लावायची सूचनाही कोणीतरी करेल. लंडनमध्ये १८६६ पासून चाललेल्या फलकांच्या योजनेत माणूस जाऊन किमान वीस वर्षं झालेली असावी लागतात, आणि ही अट शहाणपणाची आहे. फलकावरची चूक पुसता येत नाही. पहिल्या वर्षी या वाटेला जाऊ नका.

मग कोणी काय घ्यावं

वस्तीत ऐंशीच्या पुढची, बोलती माणसं दोन-चारच उरली असतील तर मुलाखतींपासून सुरुवात करा, बाकी सगळं थांबू शकतं. नोटीस लागलेली असेल तर बातमीपत्र आणि नोंद. यातलं काहीच तातडीचं नसेल तर स्कॅनिंग दिवस घ्या, वॉक नंतर. कारण स्कॅनिंगमधून मिळालेला फोटो थांब्यावर हातात धरून 'हीच ती गल्ली' म्हणता येतं, आणि फॉर्मवरच्या नावांतून मुलाखतीला कोणाकडे जायचं ते कळतं. उलट क्रमाने केलं तर तीच वाट पुन्हा आखावी लागते.

सहा जण असतील तर चौघं स्कॅनिंगला द्या, दोघं वाट शोधायला, आणि दोन्ही कार्यक्रमांत निदान तीन आठवड्यांचं अंतर ठेवा. फॉर्मवरचं अक्षर लावून तक्ता भरायला तेवढा वेळ लागतोच, आणि तो भरून होण्याआधी कोणताही फोटो वॉकमध्ये दाखवायचा नाही, कारण संमतीचा कोणता चौकोन रिकामा आहे हे तोवर कोणालाच माहीत नसतं.