ब्लोअरची मोटर जळलीच नव्हती, तरी ९,४०० रुपये गेले

आमची वॅगन आर २००९ ची. पंधरा वर्षं झाल्यावर आरटीओत पुनर्नोंदणी करून तिची पाच वर्षं वाढवून घेतली, कारण आईला आठवड्यातून दोनदा गोरेगावहून पवईला फिजिओथेरपीसाठी न्यावं लागतं आणि गुडघ्यांमुळे तिला रिक्षात चढता येत नाही. गाडी जुनी असली तरी घरात तिची गरज मोठी आहे.

जुलैत एके दिवशी ब्लोअरचा नॉब १ वर केला, हवा नाही. २ वर नाही, ३ वर नाही. ४ वर मात्र एकदम जोरात सुरू. मुंबईच्या पावसात ब्लोअर बंद म्हणजे नुसता उकाडा नाही, समोरची काच आतून पांढरी होते. एसीची कोरडी हवा काचेवर आली तरच ते बाष्प जातं, आणि ब्लोअर नसेल तर एसीही चालत नाही. चारवर सतत ठेवलं की आईला गारठा सहन होईना. म्हणून घराजवळच्या एका गॅरेजमध्ये गाडी नेली.

तिथल्या माणसाने ग्लोव्ह बॉक्स उतरवला, टॉर्च मारला आणि दोन मिनिटांत सांगितलं, "मॅडम, मोटर गेली. कंट्रोलपण उडालाय. आता चारवर चालते ना, तीपण दोन दिवसांत बसेल. मग वायरिंगला आग लागली तर आम्हाला बोलू नका." आगीचं नाव काढल्यावर मी पुढे काही विचारलंच नाही. संध्याकाळी गाडी मिळाली, चारही स्पीड चालू. बिल साध्या कागदावर: मोटर ५,२००, कंट्रोल २,४००, मजुरी १,८००. पैसे यूपीआयने दिले. जुना पार्ट मागितला तर लगेच पिशवीत घालून एक गंजकी मोटर हातात दिली. तेवढ्याने माझा विश्वास बसला.

अकराव्या दिवशी जोगेश्वरी-विक्रोळी लिंक रोडवर, मुसळधार पावसात, पायाशी प्लास्टिक जळल्याचा वास आला. आई मागे बसलेली. ब्लोअर बंद केला तशी काच धुरकटली, समोरच्या बसचे लाल दिवे तेवढे दिसत होते. कशीबशी डावीकडे घेऊन थांबले आणि चारही काचा खाली केल्या. आई भिजली, पण वास कमी झाला. तेव्हा हात असे थरथरत होते की पंधरा-वीस मिनिटं मला गाडी सुरूच करता आली नाही.

आमच्याच मजल्यावर एक काका आहेत, आयुष्यभर गाड्यांच्या वायरिंगचं काम केलेले. रविवारी सकाळी ते मल्टिमीटर घेऊन खाली आले. त्यांनी आधी काहीही उघडलं नाही, फक्त विचारलं, "पहिल्यांदा बिघडला तेव्हा चारवर चालत होता?" हो म्हटल्यावर म्हणाले, "मग मोटर जिवंतच होती गं." बाकीचं सगळं त्यांनी मला दाखवत दाखवत समजावलं.

अशा जुन्या गाड्यांत स्पीड कमी-जास्त करायला एक रेझिस्टर असतो, छोट्या पट्टीवर तारेची वेटोळी. १ वर वीज सगळ्या वेटोळ्यांतून जाते म्हणून पंखा हळू फिरतो, २ आणि ३ वर कमी वेटोळ्यांतून, आणि ४ वर रेझिस्टरला वळसा घालून थेट मोटरला. त्यामुळे फक्त चारच चालत असेल तर मोटर, तिचा फ्यूज आणि तिची अर्थिंगची वायर बहुतेक ठीक असतात. दोष रेझिस्टरमध्ये किंवा त्याच्या कनेक्टरमध्ये शोधायचा. चारवरही चालत नसेल तर आधी फ्यूज बघायचा, मग नॉब चारवर ठेवून मोटरच्या कनेक्टरवर व्होल्टेज मोजायचं. तिथे बारा व्होल्टच्या आसपास आकडा येत असेल, अर्थिंगही नीट असेल आणि तरी मोटर फिरत नसेल, तरच मोटर गेली म्हणायचं. हे बघायला दहा मिनिटं पुरतात. माझ्या गाडीवर ती दहा मिनिटं कोणी दिलीच नव्हती असं मला वाटत होतं. पण तसं नव्हतं.

काकांनी रेझिस्टर बाहेर काढला. कनेक्टरचं पांढरं प्लास्टिक वितळून तपकिरी झालं होतं. पट्टीवर एक थर्मल फ्यूज असतो, रेझिस्टर फार तापला की तोच तुटून वीज तोडतो. आमचा तो तुटला होता आणि त्याच्यावरून तांब्याच्या तारेचा तुकडा वाकडातिकडा डाग देऊन जोडला होता. म्हणजे त्या माणसाला दोष नेमका कळला होता. त्याने राखण करणारा फ्यूजच निकामी केला आणि पैसे मोटरचे घेतले. आगीची भीती घालून आगीचीच सोय करून दिली. हे मी विसरू शकत नाही.

मग मोटर. तिच्या तिन्ही स्क्रूंच्या खाचांत धूळ घट्ट बसली होती. पेचकस कित्येक वर्षांत लागलाच नव्हता. उघडण्याआधी मी त्यांचे जवळून फोटो काढले. आत पंख्याच्या पात्यांत पिंपळाची दोन वाळकी पानं अडकलेली. आमची गाडी पिंपळाखालीच उभी असते. पानांमुळे मोटर जड फिरायची, जास्त करंट ओढायची, आणि रेझिस्टरला थंड ठेवणारी हवाही कमी पडायची. मूळ कारण एवढंच होतं. आणि पिशवीतली "जुनी" मोटर? तिची भोकं आमच्या गाडीतल्या मोटर बसायच्या जागेला जुळेनात, कनेक्टरही वेगळा. ती आमची नव्हतीच.

कुर्ल्याच्या सीएसटी रोडवरून नवा रेझिस्टर साडेचारशेला आणला, कनेक्टर दीडशेचा. पानं काढून मोटर परत बसवली, आजही तीच चालू आहे.

तुमच्या गाडीचं असं काही झालं तर कोणते स्पीड चालतात ते गॅरेजला जाण्याआधीच लिहून ठेवा, नॉब फिरवतानाचा व्हिडिओ काढा. पार्ट तुमच्यासमोर उतरवायला सांगा आणि उतरायच्या आधीच त्यावर मार्करने खूण करा. जुना पार्ट नुसता हातात मिळाला म्हणून समाधान मानू नका. बिल जीएसटी क्रमांकाचं, पार्ट नंबरसकट मागा.

मी गॅरेजमध्ये परत गेले तेव्हा उत्तर मिळालं, "आमच्याकडून गेल्यावर कोणीतरी बदललं असेल." राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ क्रमांकावर तक्रार नोंदवली आहे. तिथे निकाल लागला नाही तर जिल्हा ग्राहक आयोगात जाणार. त्यासाठी दोन वर्षांची मुदत असते आणि ५ लाखांपर्यंतच्या प्रकरणाला शुल्क नाही. ती गंजकी मोटर, डाग दिलेला रेझिस्टर, स्क्रूंचे फोटो आणि यूपीआयची पावती एका डब्यात घालून माळ्यावर ठेवलीय. डब्यावर आईने स्वतःच्या अक्षरात तारीख घातली आहे.