चाकूचे म्यान ढिले झाले असेल तर मंडईमागचे हे दुकान

महात्मा फुले मंडईच्या मागच्या गल्लीत चपला-पट्टे दुरुस्त करणारे एक दुकान आहे. दुकान म्हणजे जिन्याखालची जागा. पाटी नाही, हे पुण्यात विशेषच. जाताना चाकू आणि म्यान दोन्ही न्या. नुसते म्यान नेणाऱ्याला काका परत पाठवतात. "पायाशिवाय चपलेचं माप घेता येतं का?"

माझा चाकू चार इंची, कार्बन स्टीलचा, न मिटणारा. ट्रेकला कांदे चिरण्यापासून ढलप्या काढण्यापर्यंत सगळी कामे करतो. म्यान मात्र इतके सैल झाले होते की मूठ खाली केली की चाकू सरकन बाहेर. राजगडाच्या उतारावर कमरेला असली वस्तू नको.

मला वाटले होते, चार टाके आवळून देतील. काकांनी धारेकडची शिवण उसवून दाखवली. दोन पदरांच्या मध्ये पट्टीच नव्हती, त्यामुळे चाकू घालता-काढताना पाते थेट दोऱ्यावर घासत होते. त्यांनी तिथे जाड चामड्याची पट्टी घातली, आरीने नवी भोके पाडली आणि मेण लावलेल्या दोऱ्याने शिवले. मग म्यान पाण्यात भिजवले, पात्याला तेलाचा हात फिरवून प्लॅस्टिक गुंडाळले, चाकू आत बसवला आणि मुठीभोवती चामडे अंगठ्याने दाबत राहिले. आकार धरल्यावर चाकू काढून घेतला, म्यान सावलीत वाळत ठेवले. उन्हात वाळवले की आखडते आणि कडक होते. असा आकार झाडाच्या सालीने कमावलेले चामडेच धरते, कोल्हापुरी चपलेचे असते तसले; क्रोमवाले, म्हणजे क्रोमियमच्या क्षारांनी कमावलेले, मऊ चामडे नेलेत तर काका आधीच नाही म्हणतील.

आता म्यान उलटे करून हलवले तरी चाकू जागचा हलत नाही. पकड पात्यावर नसून मुठीच्या पुढच्या भागावर आहे, तशीच हवी. सुरुवातीला जरा जोर लागतो. पण सैल करायला खोबरेल चोळू नका, चामडे लोळागोळा होते. वरून मेणाचा पातळ हात पुरे.

निघताना काकांनी विचारले, "ताई, घरी चाकू म्यानातच ठेवता का?" ठेवायचा नाही. चामडे पावसाळ्यातली ओल धरून ठेवते आणि कमावतानाची रसायने पात्याला गंज चढवतात. मी पाते कोरडे करून औषधाच्या दुकानातल्या लिक्विड पॅराफिनचा पुसट थर देते (शिलाई मशीनचे तेल नको, त्याच चाकूने काकडी कापायची असते). मग सुती कापडात गुंडाळून कपाटाच्या वरच्या खणात, पोरांच्या हाताबाहेर. म्यान वेगळे, खुंटीला.

कामाचे साडेतीनशे रुपये घेतले, पट्टीसकट. सांगितलेल्या दिवशी काम तयार नव्हते, तेव्हा फोन करूनच जा. कोयत्याचे म्यान काका शिवत नाहीत. पुण्यात सध्या का, ते सांगायला नको. रंग देऊ का विचारले तर नको म्हणा. बुटांचाच काळा रंग लावतात आणि तो पहिल्या पावसात पँटवर उतरतो.