व्हाइटटेलची शिकार: आठ फुटी कुंपणाआत की मोकळ्या रानात?

टेक्सासमधली बहुतेक जमीन खाजगी. त्यामुळे गाइड घेऊन व्हाइटटेलची, म्हणजे तिथल्या पांढऱ्या शेपटीच्या हरणाची, रायफलने शिकार करायची तर दोनच वाटा उरतात: आठ फुटी कुंपणाचा रँच, नाहीतर साध्या तारेच्या कुंपणाचं मोकळं रान.

उंच कुंपणाआड हरणं पैदाशीसाठी निवडलेली असतात, खुराकही भरपूर. शिंगं मोठी मिळतात आणि अनेक ठिकाणी किंमत शिंगांच्या मापावरच ठरते. वेळ कमी असेल तर सोय आहेच. पण १८८७ साली स्थापन झालेला, शिकारीतल्या विक्रमी शिंगांची नोंद ठेवणारा अमेरिकेतला बून अँड क्रॉकेट क्लब अशी शिंगं नोंदवहीत घेत नाही, आणि मला ते अगदी पटतं. जनावराला पळून जायला वाव हवाच.

मोकळ्या रानात नर रात्रीतून शेजारच्या जमिनीवर निघून जातो. दक्षिण टेक्सासात माजाचा काळ साधारण डिसेंबरच्या मध्यात येतो. तेव्हा एरवी सावध असणारा म्हातारा नरही मादीमागे उजेडात बाहेर पडतो. गाइडचं खरं कसब इथेच दिसतं. तो आधी शिंगं बघत नाही, अंग बघतो: पाठ खाली झुकलेली, पोट लोंबलेलं, मान थेट छातीत मिसळलेली, म्हणजे वय पाचाच्या पुढे. तरणा नर असेल तर तो हळूच हात आडवा धरतो, रायफल खाली. तेवढ्यात वारा फिरतो, पांढरी शेपटी ताठ उभी राहते आणि झुडपं रिकामी होतात.

रिकाम्या हाताने परतावं लागलं तरी मी मोकळं रानच निवडेन.