डायबेटिक डबा: तेल नाही, पण भात भरपूर

बाबांसाठी (टाइप २, सत्तरी पार) कोथरूडमधला एक "डायबेटिक स्पेशल" डबा लावलाय. नाव देत नाही, कारण काकू स्वभावाने छान आहेत आणि डबा खरंच वेळेवर येतो, स्टीलचा, गरम, मीठ मापात, मूगडाळ घातलेला पालक तर एक नंबर. पण त्यात डायबेटिक काय आहे ते काही कळत नाही.

सगळा भर तेल नाही, तूप नाही, साखर नाही यावर. मग पोट भरायला काय, तर तीन पोळ्या, भाताची मोठी मूद, बटाट्याचा रस्सा आणि सोबत मोसंबीचा ज्यूस!! चतुर्थीला साबुदाण्याची खिचडी आली तर त्यातलं दाण्याचं कूटच गायब, का तर "ताई, दाण्यात फॅट असतं ना". अहो पण साबुदाणा म्हणजे जवळजवळ निव्वळ स्टार्च, त्यातला कामाचा भाग तेवढा काढून टाकलात की.

ट्रायग्लिसराइड्स, म्हणजे रक्तातली चरबी, फक्त तेलातुपाने वाढतात असं बऱ्याच जणांना वाटतं. पण जास्तीचे कार्ब्स (भात, पोळी, साखर) पोटात गेले की लिव्हर त्याचं फॅट करून रक्तात सोडतं, ज्यूसमधलं फ्रुक्टोज तर त्यात पटाईत, आणि डायबेटिसमध्ये इन्सुलिनचं काम नीट होत नसल्याने ते फॅट रक्तातून उचललंही हळूच जातं. ट्रायग्लिसराइड्सचा आकडा १५० च्या आत पाहिजे, बाबांचा १९० वरून २६० झाला. सगळं खापर डब्यावर फोडत नाही, शुगरही तेव्हा वर होती. डाएटिशियन बाईंनी भात-पोळी कमी करून त्या जागी उसळ, मूठभर दाणे, नेहमीची फोडणी आणि आठवड्यातून दोनदा बांगडा सांगितला. त्या जागी हां, वरून नाही, हे दोनदा बजावलं. आणि ज्यांचा आकडा ५०० च्या वर आहे त्यांनी हे वाचून तूप ओढू नका, तिथे स्वादुपिंडाला सूज यायची भीती असते, फॅटसुद्धा कमी करायला लावतात, ते डॉक्टरांनाच विचारा.

चवीला चार स्टार, "डायबेटिक"ला दोन. दुपारचा बंद केलाय, रात्रीचा चालू आहे. भाताऐवजी जास्त उसळ द्याल का विचारलं तर काकू लगेच हो म्हणाल्या, पैसे मात्र वाढवून. ज्यूस नको म्हटलं तर तो पॅकेजमध्येच आहे म्हणे, सध्या माझा मुलगा पितोय.