कोडाच्या मलमावर माझे 52,100 रुपये गेले

आधी आकडा सांगून टाकते. नोंदणी 500. मग दर महिन्याला मलमाची डबी 1,850, तेल 650, काढा 1,100, म्हणजे 3,600, असे अकरा महिने. वर 'हट्टी डागांचा स्पेशल कोर्स' म्हणून एकरकमी 12,000. एकूण 52,100. बिल एकाचंही नाही. "बिल घेतलंत तर जीएसटी लागेल ताई, तुमचंच नुकसान," असं ते मलम विकणारा म्हणाला आणि पतसंस्थेत बावीस वर्षं पावत्या फाडणारी मी गप्प बसले.

मूर्ख म्हणायचं तर म्हणा, पण एकदा माझ्या काउंटरवर बसून बघा. दोन्ही हातांच्या बोटांवर आणि डाव्या गालावर कोड. नोटा मोजून पुढे केल्या की काही जण त्या चिमटीत धरतात. एक बाई म्हणाल्या, "तिथे ठेवा, मी उचलते." हे लागट नसतं हो, असं दिवसातून किती जणांना सांगायचं?

तोवर मी त्वचेच्या डॉक्टरीणबाईंकडे जात होते. टॅक्रोलिमसचं मलम रोज दोनदा आणि आठवड्यातून दोनदा लाइट, म्हणजे डागांवर किरणांचा उपचार. त्यांनी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं, तीन-चार महिने फरक दिसणार नाही, गालावर रंग यायची शक्यता बरी आहे, बोटांच्या टोकांची खात्री देत नाही. खरं बोलल्या म्हणून मला त्यांचाच राग आला. दहा आठवड्यांत सोडलं.

मग पेपरातून ते पत्रक आलं. दर महिन्याच्या दुसऱ्या रविवारी स्टँडजवळच्या लॉजवर कॅम्प, 90 दिवसांत 100 टक्के. मी गेले, नोंदणी केली, मलम सुरू केलं. पुढचं तुम्हाला ठाऊकच आहे, सगळीकडे तेच असतं.

पण एक गोष्ट मला आजही झोपू देत नाही. तिसऱ्या महिन्यात त्याने अल्बम दाखवला, 'आधी' आणि 'नंतर'चे फोटो. एका पानावर बाईचा हात होता. आधीच्या फोटोत पांढरी बोटं, नंतरच्या फोटोत अगदी स्वच्छ गव्हाळ. दोन्हीकडे हाताची पाठच वर, आणि नंतरच्या फोटोत अंगठा दुसऱ्या बाजूला! एकात डावा हात, दुसऱ्यात उजवा. मला दिसलं. नीट दिसलं. मी मनात म्हटलं, फोटो उलटा छापला असेल. खोट्या सह्या एका नजरेत पकडते मी, आणि तिथे त्या माणसाची वकिली मीच केली. त्याच दिवशी 12,000 गूगल पे केले, तेही त्याच्या बायकोच्या नावावर.

आणि गालावर रंग खरंच येत होता ना! केसांच्या मुळांशी बारीक तपकिरी ठिपके. ते बघूनच अडकले. सहाव्या महिन्यानंतर मात्र गालाची कातडी कांद्याच्या पापुद्र्यासारखी झाली, आत लाल धागे दिसायला लागले, लव वाढली. तो म्हणाला, "आतली उष्णता बाहेर पडतेय." बावचीचं तेल लावून अर्धा तास उन्हात बसायला लावलं, तर बोटांवर फोड आले. मलम एक दिवस चुकलं की गालाची आग.

शेवटी तोंड लपवत डॉक्टरीणबाईंकडे परत गेले. गाल बघूनच म्हणाल्या, कडक स्टेरॉइड दिसतंय, क्लोबेटासोल जातीचं. सुरुवातीला रंग आला तोही त्यानेच, आणि चेहऱ्यावर इतके महिने लावल्यावर हे असं होणारच. मला एका शब्दाने बोलल्या नाहीत. ते जास्त लागलं.

आता तक्रारीची कथा. पोलीस ठाण्यात साहेब म्हणाले, "पैसे तुम्हीच दिलेत ना स्वतःहून?" औषधांच्या कार्यालयात विचारलं, आयुर्वेदिक की ॲलोपॅथिक? म्हटलं, लेबलच नाही. "मग कोणत्या टेबलाला घेऊ?" तीन खेपा, तीन अर्धी रजा. चौथ्यांदा म्हणे सीलबंद नमुना आणा. अहो, सीलच नाही हीच तर तक्रार आहे! ल्युकोडर्मा, म्हणजे कोडच, बरा करतो अशी जाहिरात करायला 1954 च्या ड्रग्ज अँड मॅजिक रेमेडीज कायद्याने बंदी आहे. पत्रक समोर ठेवलं, तर साहेबांनी ते उलटसुलट करून पाहिलं आणि त्यावर चहाचा कप ठेवला. आता ग्राहक आयोगाकडे निघाले आहे. पाच लाखांपर्यंत फी नाही, हे मला तिथल्या झेरॉक्सवाल्याने सांगितलं, कोणत्याही साहेबाने नाही.

डबीवर बॅच नंबर, परवाना नंबर आणि उत्पादकाचा पत्ता नसेल तर ती हातात धरू नका. 'खात्री' शब्द ऐकला की उठा. आयुर्वेदाला मी नावं ठेवत नाही, पण पदवी आणि नोंदणी क्रमांक विचारायला लाजू नका, मी लाजले. आणि असं मलम चालू असेल तर घाबरून एकदम बंदही करू नका, आधी डॉक्टरांना दाखवा.

गेल्या आठवड्यात पेपरातून पुन्हा पत्रक आलं. केंद्राचं नाव नवीन, लॉज तेच, तो हातही तोच. कुणाकडे त्यांची नाव-पत्त्याचं लेबल असलेली डबी असेल तर फेकू नका, मला कळवा. माझ्याकडे अकरा आहेत, सगळ्या कोऱ्या.